सोलापूरची निसर्गचित्रे सोलापूर कधी विकत घेणार?

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र ११८ कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, आपल्या पंढरपूरचा. ते तान्हे असतानाच आई गेली आणि वडील त्यांना घेऊन इंदूरला गेले. ‘ग्रामयात्रा’ त्यांनी १९५४ साली रंगवले. त्याच वर्षी दिल्लीत आलेल्या नॉर्वेच्या एका डॉक्टरांनी ते विकत घेतले आणि पुढे ओस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकले. तिथल्या भिंतीवर ते कित्येक दशके होते. म्हणजे जन्म पंढरपूरचा, जडणघडण इंदूरची, नाव मुंबईत झालेले, ग्राहक नॉर्वेचा आणि अखेरचा सौदा न्यूयॉर्कचा. या सगळ्यात सोलापूर जिल्हा येतो तो फक्त जन्मगाव म्हणून.

हा लेख हुसेन यांच्यावर नाही. जे चित्रकार जिल्हा सोडून गेले नाहीत, ज्यांनी इथलाच माळ, इथलाच तलाव, इथलीच नदी रंगवायची ठरवली, त्यांच्या प्रदर्शनांचे, पुरस्कारांचे आणि विक्रीचे काय होते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. व्यक्तिचित्र किंवा अमूर्त चित्र कुठल्याही शहरात बसून काढता येते. निसर्गचित्र एका जागेचे असते, आणि ती जागा रोज पाहणारी माणसे तिथेच राहत असतात. म्हणून निसर्गचित्रकाराच्या पोटाचा प्रश्न शेवटी त्याच्या गावापाशीच येऊन थांबतो.

सोलापूर रंगवायला अवघड आहे, हे आधी मान्य करू. वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. कोकणातल्या चित्रकाराला हिरव्याच्या अनेक छटा आयत्या मिळतात. इथल्याला वर्षातले बरेच महिने मातकट, राखी, पिवळट रंगांतून चित्र उभे करावे लागते. पण ज्याची नजर तयार झाली आहे त्याला इथे काय मिळत नाही? सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात मंदिराचे आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाचे प्रतिबिंब पडते. हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे. नान्नजचा गवताळ माळ आहे. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालेला, काळविटांचा, क्षितिजापर्यंत एकही उभी रेघ नसलेला. हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते आणि तिथल्याच संगमेश्वर मंदिरात १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. उजनीच्या पाणलोटात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात पौषात शाळू उभा असतो तेव्हा जमीन जवळपास जांभळी दिसते आणि कणसांवर ऊन पांढरे होऊन बसते. चंद्रभागेचे वाळवंट आणि घाट तर आहेतच.

इथे जागेवर बसून जलरंगात काम करणे हीच एक परीक्षा आहे. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि कागदावर दिलेला ओला वॉश कडा विरघळायच्या आतच वाळतो. ओल्यात ओला रंग सोडून धूसर आकाश काढण्याची पद्धत इंग्लंडच्या दमट हवेत वाढली. सोलापूरच्या मेमध्ये ती सकाळी आठच्या पुढे चालत नाही. त्यामुळे इथला चित्रकार पहाटे निघतो, झपाट्याने काम करतो, कोरड्या कडांचा आणि कोऱ्या सोडलेल्या कागदाचा वापर शिकतो. रखरखीत उजेड दाखवायला कागदाचा पांढरेपणाच कामी येतो. ही शैली परिस्थितीतून आलेली आहे आणि ती ओळखण्याजोगी आहे. तिला नाव मिळाले नाही, कारण तिच्याभोवती पाहणारे, लिहिणारे आणि विकत घेणारे लोक पुरेसे जमले नाहीत.

ते का जमले नाहीत, याचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. कोल्हापूर पाहा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकून नाव मिळवलेले चित्रकार आबालाल रहिमान गावी परतले, तेव्हा त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय द्यायला शाहू महाराज होते. कोटितीर्थाच्या काठी राहून आबालाल यांनी रंकाळा, पंचगंगा आणि परिसर अखंड रंगवला. त्यांच्या हातच्या चित्रांपैकी टिकली थोडी. १९३१ साली ते गेले तेव्हा गाठीला पैसाही फारसा नव्हता. तरी त्यांच्यामागे एक रांग उभी राहिली. बाबूराव पेंटर आणि त्यांची चित्रपटसंस्था, रवींद्र मेस्त्री, नट असूनही आयुष्यभर निसर्गचित्रे काढणारे चंद्रकांत मांडरे, शहरातली कलाविद्यालये, शाहू स्मारक भवनातले कलादालन, आणि पाहुणा घरी आला तर त्याला चित्र दाखवणारी कोल्हापुरी घरे. औंधचे संस्थान तर केवढेसे! पण तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात आजही एखाद्या मोठ्या शहराला अभिमान वाटावा असा संग्रह आहे.

सोलापूरचे तसे झाले नाही. जिल्ह्यात अक्कलकोटचे संस्थान होते, पण सोलापूर शहर थेट इंग्रजी अमलाखाली होते. इथला पैसा गिरण्यांचा. १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू आणि इतर गिरण्या आल्या, आंध्र-तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागांचे शहर घडवले. हे शहर लढले, मार्शल लॉ सोसला, १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे दिले. कामगार चळवळ, नाटक, साहित्य, कानडी-तेलुगू-उर्दू-मराठीचा शेजार हे सगळे इथे भरभरून आहे. पण चित्रकाराला दरमहा वेतन देणारा दरबार इथे नव्हता, आणि गिरणीमालकांच्या पैशातून तशी रीत पडली नाही.

तरी हाताला रंग लागलेली माणसे इथे कधी कमी नव्हती. सोलापुरी चादरीवरची जॅकार्डची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन-चौकोन भरून काढावी लागते आणि मग तिच्यावरून पंचकार्डे पाडली जातात. ते काम करणारे रेखाटनात पक्के असत. सिनेमाची पोस्टरे, दुकानांच्या पाट्या, मेळ्यांचे पडदे, गणपतीची आरास यांवर कितीतरी पेंटरांची घरे चालली. आणि तिसरा, सर्वांत सन्मानाचा मार्ग म्हणजे शाळेतला चित्रकला शिक्षक. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करायची, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांची तयारी करून घ्यायची आणि रविवारी पाठीला सामान बांधून तलावावर जायचे. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यातले निसर्गचित्रण अशा मास्तरांनी जिवंत ठेवले आहे. त्यांच्या चित्रांना बाजारभाव नसतो, कारण ती विकून पोट भरायची गरज त्यांनी पगारावर भागवलेली असते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. पण त्याचा एक परिणाम झाला: गावात चित्र ही भेट द्यायची वस्तू ठरली, विकत घ्यायची नव्हे. निवृत्तीला, वास्तुशांतीला, मंत्र्यांच्या सत्काराला सरांकडून एक चित्र मागून घेतले जाते. नव्या पिढीचा चित्रकार त्याच गावात किंमत सांगतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असते.

आता प्रदर्शनांकडे वळू. जिल्ह्याच्या गावी चित्रप्रदर्शन बहुधा सभागृहालगतच्या दालनात, महाविद्यालयात किंवा शाळेच्या वर्गांत भरते. खिळा ठोकायला मनाई, उजेड ट्यूबलाइटचा, भिंतीवर आधीच्या कार्यक्रमाची खूण. उद्घाटनाला गर्दी होते. हार, दीपप्रज्वलन, भाषणे. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या सहली येतात. मुले येतात हे उत्तमच, पण चौथ्या दिवशी चित्रे उतरवताना चित्रकाराच्या लक्षात येते की किंमत विचारणारा माणूस आलाच नाही. चित्र विकत घेणारा माणूस उद्घाटनाच्या गर्दीत येत नाही. तो निवांत वेळी, घरच्यांना घेऊन, दोनदा येतो. तीन-चार दिवसांच्या प्रदर्शनात त्याला ती सवड मिळत नाही. माझ्या मते जिल्ह्याच्या गावातल्या विक्रीचे सर्वांत मोठे नुकसान या अल्प मुदतीने केले आहे.

पुढची पायरी पुण्याची. बालगंधर्वचे कलादालन, घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन ही नावे सोलापूरच्या चित्रकाराला पाठ असतात. त्यानंतर मुंबई, आणि मुंबई म्हणजे जहांगीर. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली काळा घोड्यापाशी हे कलादालन उभे राहिले. त्यासाठी चित्रकार हेब्बार आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला होता. त्याआधी मुंबईतही चित्र मांडायला जागा शोधावी लागे. चित्रकार के. एच. आरा यांचे पहिले एकल प्रदर्शन १९४२ साली चेतना उपाहारगृहात भरले होते आणि तिथली चित्रे विकली गेली. जहांगीर झाल्यावर महाराष्ट्रभरच्या चित्रकारांना एक दिशा मिळाली. आज तिथल्या एका आठवड्यासाठी अर्ज करून काही वर्षे वाट पाहावी लागते. ती वाट पाहण्यात चित्रकाराचे वय वाढते, शैली बदलते, पण नंबर सोडत नाही कोणी. कारण बायोडेटात ‘जहांगीर’ हा शब्द आला की सोलापुरातही त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

त्या एका आठवड्याचा खर्च मात्र कुणी बोलून दाखवत नाही. दालनाचे भाडे, प्रत्येक चित्राचा माउंट आणि फ्रेम, पत्रिका आणि कॅटलॉगची छपाई, चित्रांची वाहतूक, आठवडाभर मुंबईत राहणे. काचेच्या फ्रेमा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने नेणे म्हणजे रात्रभर जागणे. टेम्पो करावा तर भाडे अंगावर येते. म्हणून चार-पाच मित्र मिळून समूहप्रदर्शन करतात, भाडे वाटून घेतात आणि भिंतही वाटून घेतात. मला समूहप्रदर्शनाचा मार्ग सोलापूरसाठी योग्य वाटतो, एका अटीवर: विषय एक असावा. पाच जणांची पाच प्रकारची चित्रे टांगली तर कुणाचेच लक्षात राहत नाही. पाच जणांनी मिळून एक भीमा नदी मांडली तर ती मुंबईकरालाही थांबवील.

जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथचाही उल्लेख केला पाहिजे. तिथे उघड्यावर चित्रे लावून चित्रकार उभे असतात, येणारा-जाणारा भाव विचारतो, घासाघीस करतो आणि पुष्कळदा घेतोसुद्धा. आतल्या दालनात ज्याला किंमत विचारायचा संकोच वाटतो तो मध्यमवर्गीय माणूस इथे मोकळेपणाने विचारतो. सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. तिथे खेळणी, भांडी, कपडे, सगळे विकत घेतले जाते. तिथे रोज दुपारपासून रात्रीपर्यंत स्थानिक चित्रकारांची एक रांग नीट उजेडात उभी राहिली, तर जो ग्राहक कलादालनाची पायरी चढत नाही तो भेटेल. यात कमीपणा काही नाही.

पुरस्कारांचा इतिहास निसर्गचित्रकारांना अनुकूल आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनांत सुरुवातीला युरोपीय चित्रकारांचाच वरचष्मा होता. १८९५ साली कोल्हापूरच्या एम. व्ही. धुरंधरांनी तिथले सुवर्णपदक मिळवले आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. सावंतवाडीहून आलेले सावळाराम हळदणकर जलरंगांत आणि तैलरंगांत सारख्याच ताकदीने काम करत. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. ना. रा. सरदेसाई, मा. के. परांडेकर यांनी निसर्गचित्रालाच वाहून घेतले. सय्यद हैदर रझा यांची मुंबईतली सुरुवात शहराच्या रस्त्यांच्या आणि पावसाळी हवेच्या चित्रांनी झाली. बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक १९४६ साली आणि सुवर्णपदक १९४८ साली त्यांना मिळाले. त्या काळी पदकाचा उपयोग थेट होता. परीक्षक, समीक्षक आणि संग्राहक एकाच छोट्या वर्तुळात होते. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर एकमेकांच्या संपर्कात असत. पदक मिळालेल्या मुलाचे चित्र कुणाच्या तरी घरी लागतच असे.

आज पदके पुष्कळ आहेत, ते वर्तुळ नाही. राज्य कला प्रदर्शनाचा व्यावसायिक कलाकारांचा विभाग आहे, विद्यार्थ्यांचा वेगळा आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडियाची वार्षिक प्रदर्शने चालू आहेत. कॅमल रंगांच्या कंपनीचे प्रतिष्ठान आणि प्रफुल्ला डहाणूकर यांच्या नावाचे प्रतिष्ठान देशभरातून प्रवेशिका मागवतात. यांतल्या चांगल्या पुरस्कारांनी तीन गोष्टी होतात: रोख रक्कम, कॅटलॉगमध्ये चित्राचे छापील पान, आणि परीक्षक म्हणून बसलेल्या ज्येष्ठ चित्रकाराने आपले काम पाहिल्याचे समाधान. सोलापूरच्या चित्रकाराला तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण त्याच्या कामावर जाणकाराने अर्धा तास बोलावे असे प्रसंग गावात दुर्मीळ.

याच्या दुसऱ्या टोकाला प्रवेशशुल्क घेऊन वाटल्या जाणाऱ्या सन्मानपत्रांचा सुळसुळाट झाला आहे. मोबाइलवर फोटो पाठवा, शुल्क भरा, ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ पुरस्कार घरपोच. प्रत्यक्ष चित्र कुणी पाहिलेलेच नसते. निसर्गचित्रात तर कागदाचा पोत, रंगाचा थर आणि पाण्याची पारदर्शकता हेच सगळे असते. ते मोबाइलच्या पडद्यावरून ठरवणे शक्य नाही. तरुण चित्रकारांना माझे कळकळीचे सांगणे आहे की अशा दहा प्रमाणपत्रांच्या शुल्कात चांगला तीनशे ग्रॅमी कागद येतो, तो घ्या. स्थानिक वृत्तपत्रांनीही बातमी छापण्याआधी एक प्रश्न विचारावा: मूळ चित्र परीक्षकांनी पाहिले का?

पुरस्काराने विक्री होते का? थोडी होते, आणि ती पुरस्कार जिथे मिळाला त्या शहरात होते. सोलापुरात परत आल्यावर सत्कार होतो. शाल-श्रीफळ मिळते. चित्र तसेच गुंडाळलेले राहते.

विक्रीचा विषय मी शेवटी घेतला, कारण सगळे तिथेच अडते. आधी बाजार काय मागतो ते पाहू. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत बनारसचे घाट, कोकणातली कौलारू घरे, पुण्यातले वाडे, पावसातला रस्ता, राजस्थानातल्या हवेल्या हमखास खपतात. सोलापूरच्या चित्रकारालाही हे ठाऊक आहे. म्हणून जहांगीरचा नंबर लागला की तो बनारसला जाऊन येतो. बनारस रंगवण्यात गैर काही नाही, पण मुंबईच्या भिंतीवर आधीच शंभर बनारस आहेत आणि नान्नजचा माळ एकही नाही. परक्या बाजाराच्या आवडीवर चित्रकार जगू लागला की सर्वांत आधी त्याचे स्वतःचे गाव चित्रातून जाते. पंढरपूर तेवढा अपवाद. वारी आणि विठ्ठल यांना मराठी घरात कायम मागणी आहे. पण तिथेही वारकऱ्यांची पताका खपते, चंद्रभागेचा कोरडा पडलेला पट खपत नाही.

किंमत कशी ठरवायची याबद्दल फार गोंधळ आहे. पुष्कळ जण आकारावर दर लावतात आणि त्याला अनुभवाची जोड देतात. सुरुवातीला ते ठीक आहे. निदान एकाच आकाराच्या दोन चित्रांना दोन भाव सांगितले जात नाहीत. खाजगी कलादालने विक्रीतून साधारण एक तृतीयांश ते निम्मा वाटा घेतात. म्हणून चित्रकार दालनात एक किंमत सांगतो आणि घरी आलेल्याला अर्ध्यात देतो. हे करू नये. बातमी पसरते, आणि ज्याने दालनातून पूर्ण किंमत मोजली त्याचा विश्वास जातो. ओळखीच्या माणसाला सूट द्यायचीच असेल तर लहान चित्र द्यावे, किंमत पाडू नये. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावली की दुसऱ्या ग्राहकाला धीर येतो, हा दालनांतला जुना अनुभव आहे. तो धीर सोलापुरातही येईल. पहिली टिकली कुणीतरी लावायला हवी.

आपले हक्कही फार थोड्या चित्रकारांना माहीत असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. विकत घेणाऱ्याने त्याचे कॅलेंडर छापायचे तर परवानगी लागते. मात्र कुणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइट त्या काढवून घेणाऱ्याचा होतो. एखाद्या बँकेने किंवा कारखान्याने सांगून चित्र करून घेतले तर हे लेखी ठरवून घ्यावे. याच कायद्यातले कलम ५३ अ सांगते की मूळ चित्राची दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याचा हक्क आहे. हे कलम कागदावरच राहिले आहे, कारण पुनर्विक्रीची नोंद कुणी ठेवत नाही. प्रत्येक विक्रीची पावती, चित्राचा फोटो, आकार, माध्यम, वर्ष आणि घेणाऱ्याचे नाव एका वहीत लिहून ठेवणे ही चित्रकाराने स्वतःसाठी करायची सर्वांत स्वस्त तरतूद आहे. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, हेही संस्थांना चित्र विकताना सांगावे. पुष्कळ लेखाधिकाऱ्यांना ते माहीत नसते.

लिलावाच्या बातम्यांनी मात्र भुलू नये. २०२३ साली रझा यांचे ‘जेस्टेशन’ पन्नास कोटींच्या वर गेले. तो पैसा चित्रकाराला मिळालेला नाही, रझा २०१६ सालीच गेले होते. लिलाव जुन्या संग्रहांची खरेदी-विक्री करतो. जिवंत, जिल्ह्यात राहणाऱ्या चित्रकाराच्या घरखर्चाशी त्याचा संबंध नाही.

मग चालणारे मार्ग कोणते? पुण्याचे मिलिंद मुळीक इंजिनिअरिंग शिकलेले, पण जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी त्यांचे नाव घरोघरी गेले ते ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांनी, कार्यशाळांनी आणि प्रात्यक्षिकांनी. त्यांनी चित्रांचे ग्राहक घडवले, आणि त्याआधी चित्र पाहणारे घडवले. ज्याने स्वतः एकदा आकाशाचा वॉश बिघडवला आहे तो दुसऱ्याच्या चांगल्या आकाशाची किंमत जाणतो. आपल्याच जिल्ह्यातले, मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे कष्टकरी घरातून आले, पैशाअभावी जे. जे. मधले शिक्षण सुटले. काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या चित्रांनी त्यांनी नाव मिळवले. ते निसर्गचित्रकार नव्हेत, पण त्यांच्या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते: त्यांनी मुंबईला जे दाखवले ते शिरापूरचेच होते. विषय उसना घेतला नाही.

चित्रकाराने काय करावे हे इतके झाले. शहराने काय करावे? अमेरिकेत १९३० च्या दशकात महामंदी होती तेव्हा सरकारने चित्रकारांना काम दिले, आणि गावोगावच्या टपाल कार्यालयांत त्या-त्या भागाची शेते, नद्या, कारखाने भिंतींवर आले. फ्रान्सने १९५१ साली सरकारी शाळांच्या बांधकामखर्चातला एक टक्का कलेसाठी राखला. इतके दूर जायचे नसेल तर चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानके पाहा. स्थानिक चित्रकारांनी ताडोबाचे जंगल तिथल्या भिंतींवर आणले आणि २०१८ साली स्थानक सुशोभीकरणाच्या स्पर्धेत ती देशात पहिली आली. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर आहेत, सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत, आणि चार जिल्ह्यांतून व कर्नाटकातून रुग्ण येतात अशी मोठी रुग्णालये आहेत. या सगळ्यांच्या प्रतीक्षागृहांत स्वित्झर्लंडच्या डोंगरांची छापील पोस्टरे आणि प्लास्टिकची फुले आहेत. तिथे बसलेल्या माणसाला हिप्परग्याचा तलाव दिसला तर तो ओळखेल, शेजारच्याला दाखवील.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. इथले दृश्य झपाट्याने बदलते आहे. गिरण्यांची धुराडी गेली. सिद्धेश्वर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी विमानतळासाठी पाडली. गावठाणातली माळवदाची धाब्याची घरे पडत आहेत, माळावर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. फोटो निघतात, हे खरे. पण एका जागेसमोर तास-दोन तास बसून तिचा उजेड टिपणारे चित्र वेगळी नोंद ठेवते. औंधने आपला संग्रह वेळेत केला म्हणून तो आज आहे.

माझा प्रस्ताव साधा आहे. महापालिका, जिल्हा परिषद किंवा एखादी मोठी बँक, कुणीही एकाने पुढाकार घेऊन दरवर्षी सोलापूर जिल्ह्याची दहा निसर्गचित्रे विकत घ्यावीत. सत्कार म्हणून नव्हे, बाजारभावाने, पावती करून, जाणकार समितीने निवडून. ती सार्वजनिक ठिकाणी, चित्रकाराचे नाव, जागेचे नाव आणि वर्ष लिहून लावावीत. दहा वर्षांत शंभर चित्रांचा जिल्हा संग्रह तयार होईल. त्याला लागणारा पैसा एका स्वागतकमानीच्या आणि दोन फलकांच्या खर्चाहून फार मोठा नसेल. प्रदर्शनाची मुदत चार दिवसांऐवजी पंधरा दिवसांची करावी आणि रविवारी ते सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे ठेवावे.

आणि वाचकहो, तुमच्या घरी या वर्षी वास्तुशांत किंवा लग्न असेल, तर शहरातल्या एका चित्रकाराच्या घरी जा. त्याचे काम पाहा, किंमत विचारा आणि आवडलेले चित्र सांगितलेल्या किमतीला विकत घ्या.